मॅनेजर, मंत्री आणि वाकनीस

बोरिवली पश्चिमेच्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीतल्या एका काकूंना २०११ साली थकबाकीची नोटीस गेली. प्रीमियम २५,००० रुपये आणि त्यावर तीन महिन्यांचं व्याज १,३१२ रुपये ५० पैसे. काकूंचे यजमान चार महिन्यांपूर्वी वारले होते. नॉमिनी म्हणून फ्लॅट आणि शेअर सर्टिफिकेट काकूंच्या नावावर आलं होतं. नोटीस मिळाल्यावर त्यांनी एक मुदत ठेव मोडली, पैसे भरले आणि मग सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरींनी मला बोलावलं, कारण सोसायटीचा हिशेबाचा प्रोग्राम माझा होता. मी गेलो तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ट्रान्सफर म्हणजे विकणं ना? मी कुठे घर विकलं?"

नियम त्यांच्या बाजूने होता. आदर्श उपविधींप्रमाणे महापालिका क्षेत्रात सदनिका विकली गेली तर सोसायटी जास्तीत जास्त २५,००० रुपये हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे बोलीभाषेतला प्रीमियम, घेऊ शकते. सभासद वारल्यावर घर वारसाकडे किंवा नामनिर्देशित व्यक्तीकडे जातं तेव्हा हे अधिमूल्य लागतच नाही. थकबाकीवर व्याज सरळव्याजाने, वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत. माझ्या प्रोग्रामने व्याज पैशापर्यंत बरोबर काढलं होतं, पण जे पैसे मुळात देणंच नव्हतं त्यावर. पैसे परत झाले. ठेवीचं बुडालेलं व्याज मी माझ्या खिशातून दिलं. काकू ते घ्यायला तयार नव्हत्या.

त्या रात्री मुलुंडला घरी येऊन मी प्रोग्राम उघडला. दोष ज्या तुकड्यात होता त्याचं नाव होतं 'ट्रान्सफर मॅनेजर'. नाव मीच ठेवलेलं. प्रस्तुत लेख त्या नावाबद्दल आणि तशा नावांबद्दल आहे. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, घाटकोपरला एका पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस. फॉक्सप्रो मी एका शिकवणीत शिकलो आणि जावा फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून. पण नावांचा नाद त्याआधीपासूनचा. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी संगणकाच्या पुस्तकांत जेवढं शोधलं, तेवढंच मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात बखरी आणि कोश चाळून शोधलं.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आजचे बहुतेक मोठे प्रोग्राम ज्या पद्धतीने लिहिले जातात तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणतात. तिचा उगम नॉर्वेत, ऑस्लोच्या संगणन केंद्रात. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नुगोर यांनी १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा रचली, तीत ही कल्पना पहिल्यांदा नीट दिसते. कल्पना अशी, की प्रोग्राम म्हणजे आज्ञांची लांबलचक यादी न ठेवता त्याचे जगातल्या वस्तूंसारखे तुकडे पाडायचे. सोसायटीच्या प्रोग्राममध्ये 'सभासद' हा एक तुकडा, 'सदनिका' दुसरा, 'बिल' तिसरा. प्रत्येक तुकडा आपली माहिती आपल्याजवळ ठेवतो आणि त्या माहितीवरची कामंही स्वतःच करतो. अशा तुकड्याच्या आराखड्याला 'क्लास' म्हणतात. पाठ्यपुस्तकांत 'वर्ग' असा शब्द आहे, पण आमच्याकडे वर्ग म्हटलं की बाकं आणि फळा आठवतो, म्हणून मी क्लासच म्हणेन.

इथवर नाव देणं अवघड नाही. सभासदाला सभासद म्हणायचं. पंचाईत पुढे येते. काही कामं कोणत्याच वस्तूची नसतात. थकबाकीवर व्याज काढायचं ते सभासदाचं काम की बिलाचं? दोघांची माहिती लागते, पण दोघांपैकी कुणाच्याच अंगावर ते काम शोभत नाही. मग त्या कामापुरता वेगळा क्लास करतात. त्याच्याजवळ स्वतःचं असं काही नसतं. तो दुसऱ्यांची माहिती घेतो, काम करतो, उत्तर देतो. याला सर्व्हिस क्लास म्हणतात. वस्तूला नाव जगाने आधीच दिलेलं असतं. सर्व्हिस क्लासचं नाव मात्र लिहिणाऱ्याला सुचावं लागतं, आणि ते रात्री अकरा वाजता, उद्या सकाळी प्रोग्राम द्यायचा असताना सुचावं लागतं. तेव्हा हाताला जे लागतं ते ठरलेलं आहे: मॅनेजर, हँडलर, प्रोसेसर, हेल्पर.

ही खोड माझी एकट्याची नाही. आर्थर रील यांचं वस्तुनिष्ठ रचनेच्या अनुभवसूत्रांवरचं पुस्तक १९९६ साली आलं. ज्या क्लासच्या नावात ड्रायव्हर, मॅनेजर किंवा सिस्टिम असेल त्याच्याकडे संशयाने बघा, असं त्यात बजावलं आहे. रॉबर्ट मार्टिन यांनी २००८ साली 'क्लीन कोड'मध्ये जवळपास तेच सांगितलं. जावाच्या जगात प्रसिद्ध असलेल्या स्प्रिंग या साधनसंचात 'ॲबस्ट्रॅक्ट सिंगल्टन प्रॉक्सी फॅक्टरी बीन' नावाचा क्लास खरोखर आहे. पाच शब्द झाले, तरी हा गृहस्थ करतो काय ते बाहेरच्याला कळत नाही. अंधेरीत १९७३ साली सीप्झ सुरू झालं तेव्हापासून आपल्या उपनगरांत अशी नावं रोज जन्माला येत आहेत. ती ठेवणाऱ्यांत मराठी मुलं-मुली भरपूर आहेत, पण ही नावं ठेवताना आपली भाषा कामी येईल असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

ती कामी येते. काम करणाऱ्याला कामावरून नाव देण्याची मराठीइतकी साधनं फार थोड्या भाषांजवळ असतील. संस्कृतातून 'कार' आला. तो चित्रकार, ग्रंथकार यांत धडधाकट आहे आणि कुंभार, सोनार, लोहार, चांभार यांत झिजून नुसता 'आर' राहिला आहे. (सुतार मात्र या पंगतीतला नव्हे, तो सूत्रधारापासून आला.) पाणिनीने ण्वुल् आणि तृच् हे दोन प्रत्यय कर्त्यासाठी सांगितले; लेखक, शोधक हे पहिल्याचे, नेता, वक्ता हे दुसऱ्याचे. हिंदीशी देवाणघेवाण करून आपण 'वाला' घेतला आणि त्याच्यावर जगप्रसिद्ध डबेवाला उभा केला. फारसीतून 'दार' आला, म्हणजे धारण करणारा: किल्लेदार, फौजदार, सुभेदार. आणि फारसीतूनच आला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. त्याचा आपण 'नीस' केला.

या 'नीस' मंडळींकडे मी सर्व्हिस क्लास म्हणून बघू लागलो तेव्हा थक्क झालो. फर्द म्हणजे हिशेबाचा ताव, तो लिहिणारा फडणीस. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा चिटणीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट, ती टिपून ठेवणारा वाकनीस. प्रत्येक नावाचे दोन भाग: मागचा भाग सांगतो की हा लिहितो, पुढचा सांगतो की काय लिहितो. फडणिसाच्या पुढ्यात कुणी पत्र आणून ठेवलं तर नावानेच सांगितलं असतं की हे पलीकडच्या बैठकीवर न्या. 'मॅनेजर' असं कधीच म्हणत नाही. त्याच्या पुढ्यात काहीही ठेवा, तो घेतो.

आता एक अडचणीची गोष्ट. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी पदांची फारसी नावं बदलून संस्कृत नावं योजली आणि रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहार कोश करवून घेतला, हे शाळेपासून आपण शिकतो. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. या बदलामागचा हेतू राज्याच्या स्वत्वाचा होता आणि त्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण नुसतं नाव म्हणून पाहिलं तर काही जागी हरवलं आहे. मुजुमदार या शब्दात मजमू, म्हणजे एकत्र केलेली बेरीज, आहे. त्यात हिशेब ऐकू येतो. अमात्य या शब्दाचं मूळ 'घरातला, जवळचा' असं आहे. वाकनीस म्हटलं की घडामोडी लिहिणारा. मंत्री म्हटलं की मसलत देणारा, आणि मसलत कशाचीही असू शकते. सचिव म्हणजे मुळात सोबती. जवळचा, सल्ला देणारा, सोबती: तिन्ही नावं माणूस राजाच्या किती निकट आहे ते सांगतात, त्याच्या पुढ्यात कोणता कागद आहे ते सांगत नाहीत.

उलटही घडलं आहे, ते लपवता कामा नये. सरनौबत या शब्दात नौबत आहे, आणि नौबतीवरून फौज ओळखायची तर आधी दरबारी रिवाज माहीत हवा. सेनापती ऐकल्याबरोबर कळतो. न्यायाधीशाबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा फारसी चांगलं आणि संस्कृत वाईट, किंवा इंग्रजी वाईट आणि मराठी चांगलं, असा हा मामला नाही. नाव कामावरून पडलं आहे की मानावरून, एवढाच प्रश्न आहे. मानावरून पडलेलं नाव कुठेही चिकटवता येतं. म्हणून आज आपल्याकडे मंत्री शेकड्याने आहेत आणि प्रत्येकामागे खात्याचं नाव जोडल्याशिवाय तो काय करतो ते कळत नाही. मुंबईत सचिवालयाचं मंत्रालय झालं. पाटी बदलली, आतल्या फायली त्याच राहिल्या.

'मॅनेजर' हे मानाचं नाव आहे. 'सर्व्हिस' हा नावामागे लावायचा शब्दही तसाच. हवालदाराला हवालदारसाहेब म्हटल्याने त्याचं काम जास्त कळत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये याने एकदा विनोदच झाला. सोसायटीच्या भाषेत सर्व्हिस चार्जेस म्हणजे वॉचमन, सफाई, कार्यालयीन खर्च वगैरेची वर्गणी. घर भाड्याने दिलं तर नॉन-ऑक्युपन्सी म्हणून त्याच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतात. ती वर्गणी काढणाऱ्या क्लासला मी 'सर्व्हिस चार्ज सर्व्हिस' असं नाव दिलं होतं. घाटकोपरच्या एका सोसायटीचे खजिनदार माझ्या खांद्यावरून बघत होते. ते म्हणाले, "दोनदा घेताय काय?"

आता त्या ट्रान्सफर मॅनेजरकडे. सुरुवातीला तो फक्त विक्री बघत असे: जुना सभासद जाणार, नवा येणार, ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि प्रीमियमचं बिल काढायचं. तेव्हा त्यात दोष नव्हता. दोन वर्षांनी एक सभासद वारले, तेव्हा नॉमिनीच्या नावावर करण्याची सोय लागली. ती कुठे घालायची? नाव आहे ट्रान्सफर मॅनेजर, आणि हेही ट्रान्सफरच. घातली. विक्री की नामनिर्देशन हे सांगणारी एक खूण ठेवली. खूण केली नाही तर विक्री समजायचं. पुढे पार्किंगच्या जागांची अदलाबदल आली. तीही ट्रान्सफर. मग एका खात्यात चुकून जमा झालेले पैसे दुसऱ्या खात्यात वळवणं. तेही ट्रान्सफर! काकूंच्या यजमानांची नोंद करताना सेक्रेटरींकडून ती खूण करायची राहिली, कारण तोवर त्या पडद्यावर अशा सात खुणा झाल्या होत्या.

सीप्झमध्ये आयुष्य काढलेला माझा एक मित्र आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, नावाचा काय दोष? खूण न केल्यास विक्री समजायचं, हे तू लिहिलंस ना? ती चूक." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मी उलट विचारलं, की ती खूण त्या घरात राहायला आली कशी? क्लासचं नाव 'विक्री-हस्तांतर' असतं तर सभासदाचा मृत्यू त्यात घालताना माझाच हात अडखळला असता. नाव 'ट्रान्सफर' असल्यामुळे काही विचित्र वाटलंच नाही. वाईट नावाने चूक केली नाही; चुकीला जागा करून दिली, आणि ती मला दिसणार नाही अशी.

मला जास्त लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. ज्या भेदाला माझ्या प्रोग्राममध्ये शब्द नव्हता, त्याला आपल्या कायद्यात आणि गावच्या दप्तरात कधीपासून आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चा. त्यात सभासदाने हयातीत हितसंबंध हस्तांतरित करण्याचं कलम २९ आणि मृत्यूनंतरचं कलम ३० अशी दोन वेगळी कलमं आहेत. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही, आणि वारसांसाठी वेगळा ६-क. सातबारावर नाव चढवायचं झालं तर खेड्यातला माणूस 'ट्रान्सफर करायचं आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'वारस लावायचे आहेत' किंवा 'खरेदीची नोंद घालायची आहे'. त्याच्या तोंडात दोन शब्द आहेत, कारण तलाठी दोन्हींसाठी वेगवेगळे कागद मागतो. आणि शहरातल्या काकूंनाही तो भेद एका वाक्यात सांगता आला. सांगता आला नाही तो फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला.

मग 'ट्रान्सफर' मला सुचलं कुठून? एरिक इव्हान्स यांचं २००३ सालचं 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' मी बरंच घोटलं होतं. सर्व्हिस क्लासचं नाव वस्तूवरून नको, कृतीवरून असावं, आणि तो शब्द त्या व्यवसायातल्या माणसांच्या बोलण्यातला असावा, असं इव्हान्स सांगतात. त्यांचं एक उदाहरण नेमकं पैशाच्या ट्रान्सफरचं आहे, एका बँक खात्यातून दुसऱ्यात. बँकेत ते चोख आहे. बँकवाले ट्रान्सफर म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट असते. मी उदाहरणातला शब्द उचलला आणि सल्ला तिथेच ठेवला. बोरिवलीच्या सोसायटीत त्या शब्दाचे चार अर्थ होते, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

नाव सैल असलं की काम वाढत जातं, याचं आपल्या समाजातलं उदाहरण मात्र हसण्यासारखं नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या 'गावगाड्या'त बलुतेदारांची कामं वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. कुंभार मडकी देतो, न्हावी हजामत करतो; कामाला नावाचं कुंपण आहे. महाराच्या कामाला तसं कुंपण नाही. वेशीची राखण, सांगावा पोचवणं, सरकारी माणसाच्या दिमतीला राहणं, हद्दीची साक्ष, मेलेली जनावरं ओढणं, आणि पुढेही. तराळ, येसकर अशी नेमक्या कामांची नावं होती, पण वतन म्हणून जे माथी होतं ते 'सांगेल ते'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधान परिषदेत १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडलं. त्यांच्या तक्रारीचा गाभाच हा होता, की या माणसाचं काम ठरलेलं नाही, वेळ ठरलेली नाही, आणि मोबदलाही ठरलेला नाही. वतनं रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला. प्रोग्राममधल्या क्लासची आणि माणसाची बरोबरी मी करत नाही. क्लासचं नाव एका रात्रीत बदलता येतं, त्याला जन्म आडवा येत नाही. पण 'हे काम कुणाचं?' या प्रश्नाला 'त्याचंच' असं उत्तर कुणाच्या बाबतीत सहज निघतं, ते बघायची सवय मला त्या वाचनाने लागली.

नेमकं नाव ठेवलं की सुटलो, असंही नाही. नेमक्या नावाचा धोका वेगळा: काम बदलतं आणि नाव तसंच राहतं. बाळाजी जनार्दन भानू हे पेशव्यांचे फडणीस. नावाप्रमाणे त्यांनी हिशेबाचे ताव बघायचे. प्रत्यक्षात बारभाईंच्या कारस्थानापासून १८००पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, नाना फडणीस मराठी राज्याचा कारभार हाकत होते. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७२ साली, कंपनीने जिल्ह्यांत कलेक्टर नेमले ते महसूल गोळा करायला. पुढे तोच कलेक्टर दंगल, दुष्काळ, निवडणूक सगळं बघू लागला, तरी इंग्रजीत अजून 'गोळा करणारा'च आहे. आपण १९६०नंतर राज्यभाषेसाठी पदनामं ठरवली, पदनाम कोश काढला, त्याची 'बदनाम कोश' म्हणून पुष्कळ टिंगल झाली. पण जिल्हाधिकारी हा शब्द टिकला, आणि मला तो कलेक्टरपेक्षा खरा वाटतो, कारण त्या माणसाचं काम आता खरोखरच एक राहिलेलं नाही. असं एखादं पद जिल्ह्याला हवं. प्रोग्राममध्येही एखादा क्लास सगळ्यांना हाका मारून महिनाअखेरचं काम करून घेणारा असतो. माझ्याकडे त्याचं नाव 'महिनाअखेर' आहे. तो स्वतः व्याज काढत नाही, नोटीस पाठवत नाही. व्याज काढणाऱ्याला आणि नोटीस पाठवणाऱ्याला क्रमाने उठवतो.

नाव ठेवताना आता मी काय करतो ते सांगतो. आधी क्लासचं काम एका वाक्यात मोठ्याने म्हणतो. वाक्यात 'आणि' आला की क्लास दोन. मग ते वाक्य खजिनदाराला ऐकवतो आणि तो कोणता शब्द वापरतो ते कान देऊन ऐकतो. त्याला विचारायचं नाही की 'याला काय नाव देऊ?' कारण मग तोही मोठा शब्द शोधायला लागतो. नुसतं ऐकायचं. थकबाकीवरचं व्याज काढणाऱ्या क्लासला मी 'इंटरेस्ट कॅल्क्युलेटर' म्हणत होतो, आणि ठेवींवर मिळणारं व्याजही त्यात शिरू पाहत होतं. सोसायटीत कुणी नुसतं 'व्याज' म्हणत नाही. घेण्याचं ते 'थकबाकीचं व्याज', मिळण्याचं ते 'एफडीचं व्याज'. दोन क्लास झाले. शेवटी एक खोडकर परीक्षा: ते नाव दुसऱ्या एखाद्या क्लासला लावून बघायचं. 'हँडलर' कुणालाही लागतो. 'थकबाकी व्याज' दुसऱ्या कुणाला लावून बघा.

ही नावं प्रोग्राममध्ये मराठीत लिहावीत का, असं मला विचारतात. जावाला देवनागरी अक्षरं चालतात. मी एक दिवस तसं लिहून पाहिलंही. कळफलक सारखा बदलावा लागल्याने बोटं दुखली आणि काम अर्धं झालं. आता रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहितो. वसईच्या एका तरुणाला मी तो प्रोग्राम दाखवला तेव्हा तो जरा संकोचला. म्हणाला, "काका, हे प्रोफेशनल दिसत नाही." असेल. 'वारस-नोंद' या नावाच्या क्लासमध्ये त्याला प्रीमियम आकारायला सांगितलं, तर त्याने हात थांबवून विचारलं, "इथे कशाला?" तेवढ्यावर मी खूश आहे.

ट्रान्सफर मॅनेजर मोडायला मला अकरा दिवस लागले. त्यातून 'विक्री-हस्तांतर', 'वारस-नोंद', 'पार्किंग-बदल' आणि 'जमा-दुरुस्ती' असे चार निघाले. मग २०१९च्या कायदादुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात नामनिर्देशित व्यक्तीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूद आहे. तेव्हा माझ्या 'वारस-नोंदी'चंही नाव थोडं खोटं पडलं, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. म्हणून त्याचे दोन केले, 'नामनिर्देशन-नोंद' आणि 'वारस-नोंद'. हे मला २०११मध्येच कळायला हवं होतं, आणि काकूंच्या वकील पुतण्याने त्या वेळी बोलता बोलता सांगितलंही होतं. माझं लक्ष नोटिशीकडे होतं.

जुन्या प्रोग्राममधला 'हेल्पर' नावाचा एक क्लास मात्र अजून तसाच आहे. त्यात तारखा, रकमा अक्षरी लिहिणं आणि पिनकोड तपासणं एकत्र नांदतात. परवा त्यात मी आणखी एक काम घातलं.